बटाटा मी आता विकतच आणते

खानावळ चालवणाऱ्या बाईला बटाट्याबद्दल मत असावंच लागतं. फ्लॉवर महागला की फ्लॉवरमध्ये बटाटा, वांगं महागलं की वांग्यात बटाटा, ऐनवेळी चार माणसं वाढली की रश्श्यात बटाटा. माळशिरस तालुक्याचं गाव. कोर्टकचेरीत, बँकेत, शाळेत कामाला आलेली बाहेरगावची माणसं इथं राहतात, स्पर्धा परीक्षेची पोरं असतात. त्यांच्या जेवणावर आमचं घर चालतं. दोन्ही वेळची मिळून चाळीसएक ताटं होतात आणि रोज दोन-अडीच किलो बटाटा जातो. घरामागे अर्धा गुंठा मोकळी जागा असताना एवढा बटाटा विकत आणणं म्हणजे शुद्ध नासधूस, असं माझं ठाम मत होतं. आज ते राहिलेलं नाही. हे लिहून काढायचं कारण असं, की माझं ऐकून गल्लीतल्या दोघीतिघींनी सिमेंटच्या रिकाम्या गोण्यांत माती भरून बटाटे लावले होते, आणि माझं मत बदलल्याचं मी त्यांना अजून धड सांगितलेलं नाही.

मत पक्कं झालं ते 2020 साली. लॉकडाउनमध्ये खानावळ बंद पडली होती, ती दसऱ्याच्या आसपास अर्ध्या ताटांवर पुन्हा सुरू झाली आणि नेमका त्याच वेळी बटाटा पन्नाशीला भिडला. कांदा महागला की सगळा देश ओरडतो, बटाट्याचं तसं होत नाही. पण त्या वर्षी केंद्र सरकारला भूतानमधून विनापरवाना बटाटा आणायची मुभा द्यावी लागली होती, इतका तो टंचाईत होता. आमच्याकडे महिन्याचे पैसे आधी ठरलेले असतात. बटाटा वीसचा पन्नास झाला म्हणून मेंबरला जादा पैसे मागता येत नाहीत, आणि बटाटा दिसला नाही तर ताटाकडे बघून तोंड वाकडं करणारे असतातच. रात्री मोबाइलवर बघितलं तर कोण एक जण गच्चीत गोणी फाडून दहा-दहा किलो बटाटा काढत होता. आमच्याकडे तर जमीनच होती.

आत्याबाई, म्हणजे माझ्या सासूबाई, तेव्हाच म्हणाल्या, "एवढा खटाटोप करण्यापरीस एक पोतं आणून टाक की." त्या जागेत त्यांचं लिंबाचं झाड होतं, कढीपत्ता होता, मोरीच्या पाण्यावर अळू होतं, कडेला शेवगा होता. मला ती सगळी म्हाताऱ्या माणसाची हौस वाटायची. अळू आणि कढीपत्ता काढायचं धाडस झालं नाही, पण मधला सगळा पट्टा मी बटाट्याला घेतला. त्यात त्यांचा मिरची-कोथिंबिरीचा वाफा गेला. त्या काही बोलल्या नाहीत. त्यांचं न बोलणं फार काळ टिकतं.

माझी मावसबहीण आंबेगाव तालुक्यात सातगाव पठारावर दिली आहे. पुणे जिल्ह्यातला तो भाग पावसाळी बटाट्याचा. जूनमध्ये लावायचा, गणपतीच्या पुढे-मागे काढायला घ्यायचा, असं तिथलं चक्र. मंचरच्या बाजारात पंजाबहून बेणं येतं, तेच ते लावतात, आणि वेफर्सच्या कंपन्या तिथे करारावर बटाटा घेतात. तिला फोन केला. तिने सगळं नीट सांगितलं: बेणं खात्रीचं घे, खाण्याचा बटाटा लावू नकोस, मोठा असेल तर दोन-तीन डोळे येतील असे तुकडे कर, कापलेल्या बाजूला राख लाव, एक दिवस सावलीत सुकू दे, सरीवर लाव, महिन्याने मातीची भर दे. शेवटी म्हणाली, "पण तुमच्याकडं ऊन किती! आणि काळी माती ना तुमची?" मी तो प्रश्न कानाआड केला.

हिवाळ्यात आमच्याकडे बटाटा येतो, हे खोटं नाही. बटाट्याला गड्डा धरायला थंड रात्र लागते. रात्रीचा पारा पंधरा ते वीस अंशांच्या दरम्यान असला की मुळाशी गड्डे धरतात, दिवसाचा तिसाच्या वर चढत गेला की झाड नुसतं पाला वाढवतं. माळशिरसला असे दिवस नोव्हेंबर ते फेब्रुवारी एवढेच. दिवाळीच्या सुमाराला मी लावला. उगवला छान. सकाळी चहाचा कप घेऊन त्या सरींकडे बघत उभं राहिलं की जीव सुखावायचा, हे कबूल करते. त्या सुखाची किंमत हिशेबात धरायची की नाही, यावर आमच्यात अजून वाद आहे.

खरा प्रताप काळ्या मातीने दाखवला. आमची जमीन पाणी दिलं की चिकट होते आणि पाणी तुटलं की तिला भेगा पडतात. बटाटा आत फुगायला लागला तशा सरीच्या माथ्यावर बोटबोटभर भेगा पडल्या. त्या भेगांतून ऊन आत गेलं आणि वरवरचे बटाटे हिरवे झाले. हिरवा बटाटा कडवट लागतो आणि त्यात सोलॅनीन नावाचं विष वाढलेलं असतं. तो खानावळीत घालायची माझी हिंमत नाही. त्याच भेगांतून बटाट्याची पाकोळी आत शिरते, गड्ड्याच्या डोळ्यापाशी अंडी घालते, हे मला नंतर कळलं. मुरमाड, भुसभुशीत जमिनीत हा ताप कमी असतो. मोबाइलवरच्या माणसाने गोणीत कोकोपीट भरलं होतं. कोकोपीटची वीट विकत मिळते. वाचवायला निघालेल्या माणसाने मातीही विकत आणावी, यातला विनोद तेव्हा माझ्या लक्षात आला नाही.

फेब्रुवारीत पाला पिवळा पडला. पाणी आधीच तोडलं होतं, म्हणजे साल घट्ट होते. एका रविवारी काढायला बसलो. पहिल्या झाडाखाली सहा-सात बटाटे निघाले, त्यातला एक मुठीएवढा, बाकी लिंबाएवढे. खुरप्याने किती कापले गेले त्याची गणती नको. गार माती, तिचा तो ओला वास, आणि आत बोट घातलं की लागणारा गुळगुळीत गोळा. मजा आली, खोटं कशाला बोलू. देशात बटाट्याचं सरासरी उत्पादन हेक्टरी चोवीस-पंचवीस टन धरतात. त्या हिशेबाने अर्ध्या गुंठ्याला सव्वाशे किलो निघायला हवा होता. कापलेला, हिरवा, पोखरलेला वगळून माझ्या तराजूवर साठएक किलो भरला. पहिल्यांदाच करणाऱ्या बाईच्या मानाने वाईट नाही. सगळी ताटं सुरू असती तर खानावळीला महिनाभरही पुरला नसता, पण ते तरी कोण नाकारतंय.

मत हललं ते मात्र काढणीच्या आकड्याने हललं नाही. हललं ते बाजाराने.

त्याच आठवड्यात भाजीबाजारात बटाटा पंधराला होता. पुढे मार्चमध्ये तर उत्तर प्रदेशातल्या बाजारात ठोक भाव किलोला पाच-सहा रुपयांवर आला. मी बेणं घेतलं होतं पन्नाशीच्या काळात. दहा किलो बेणं, शेणखत, एक फवारणी, दोन दिवस एका बाईची मजुरी. माझी स्वतःची मजुरी मी धरतच नाही, कुठलीच बाई धरत नाही, आणि घरच्या भाजीचे हिशेब नेहमी नफ्यात दिसतात ते त्यामुळेच. तरीसुद्धा माझा बटाटा मला बाजारच्या दुपटीहून महाग पडला होता.

तेव्हा मी याला नशीब म्हटलं. नंतर अकलूजच्या बाजारात ज्यांच्याकडून पोती घेते त्या अडत्यांनी सांगितलं तेव्हा कळलं, की यात नशिबाचा संबंध नाही. आपल्याकडे येणारा बराचसा बटाटा आग्र्याकडून, इंदूरहून, गुजरातेतल्या डीसाहून येतो. तिकडचं सगळं पीक रब्बीचं. ते फेब्रुवारी-मार्चमध्ये निघतं, थोडं बाजारात येतं आणि उरलेलं शीतगृहात जातं. म्हणजे वर्षातला सगळ्यात स्वस्त बटाटा फेब्रुवारी-मार्चचा. जसजसं शीतगृह रिकामं होत जातं तसतसा भाव चढतो आणि सप्टेंबर ते नोव्हेंबर तो सगळ्यात महाग असतो. आता माळशिरसच्या हवेत घरचा बटाटा कधी निघणार? फेब्रुवारीतच. दुसऱ्या कुठल्याही महिन्यात तो निघू शकत नाही. बटाटा महाग असतो तेव्हा आमच्याकडे रात्रीसुद्धा उकडतं, गड्डा धरत नाही. सातगाव पठारावर भर पावसात, गार हवेत ते जमतं. आमच्याकडे पाऊसच बेताचा आणि हवा गरम. माझा अर्धा गुंठा आग्र्याशी एकाच महिन्यात स्पर्धेला उतरत होता.

मग साठवू, असं कुणीही म्हणेल. मीही म्हटलं. तेच तर सगळं गणित होतं. आषाढात ज्ञानेश्वर माउलींची पालखी नातेपुत्याहून येते आणि एक रात्र माळशिरसला मुक्काम करते. तेव्हा आम्ही दारात दिंडीला पंगत घालतो. पुरी आणि बटाट्याचा रस्सा. पोत्यांनी बटाटा लागतो आणि नेमका तेव्हा भाव चढायला लागलेला असतो. घरचा बटाटा माउलींच्या पंगतीला, हे माझ्या मनातलं खरं चित्र होतं. बचत हे त्याला दिलेलं शहाणपणाचं नाव होतं, असं आता वाटतं.

मावसबहिणीकडे बटाट्याची आरण लावतात. शेतात सावलीला बटाट्याचा ढीग घालायचा, वरून पाचट, पाला यांचा जाड थर द्यायचा. भाव येईपर्यंत काही आठवडे तो तसा टिकतो. मी मागच्या खोलीत पलंगाखाली वाळू पसरली, कडुलिंबाचा पाला घातला, वर पोती टाकली. मार्च निम्मा सरेपर्यंत ठीक होतं. मग माळशिरसचा उन्हाळा आला, पत्रा तापायला लागला. एके दिवशी पोतं उचललं तर करड्या रंगाच्या बारीक पाकोळ्या भुर्रकन तोंडावर आल्या. बटाट्यांच्या डोळ्यांतून काळा भुसा बाहेर आलेला. एक बटाटा हातात घेतला तर अंगठा आत गेला. त्या वासाने दोन दिवस कुणी त्या खोलीत गेलं नाही. बटाटा टिकवायचा तर दोन ते चार अंश लागतात, शीतगृहं त्यासाठीच असतात. पलंगाखाली चाळीसच्या जवळ पारा असताना मी कडुलिंबाच्या पाल्यावर विसंबले होते.

आणि पालखी? 2021 साली ती पायी आलीच नाही. करोनामुळे मानाच्या पालख्या एसटीने पंढरपूरला गेल्या. 2022 ला वारी पुन्हा पायी निघाली, दारात पंगत बसली आणि रश्श्यात अकलूजहून आणलेल्या पोत्यातला बटाटा होता. कुणा वारकऱ्याने तो कुठला म्हणून विचारलं नाही.

आमच्याकडे जेवायला असलेल्या एका पोराशी यावर माझी जुंपली होती. तो राज्यसेवेचा अभ्यास करायचा, त्यामुळे त्याच्याकडे प्रत्येक गोष्टीला जगातला दाखला असायचा. तो म्हणाला, "मावशी, सोव्हिएत युनियन मोडल्यावर रशियात लोकांचे पगार महिनोन्महिने थकले होते. तेव्हा माणसं घरच्या बटाट्यावर जगली." हे खरं आहे. 1990 च्या दशकात रशियात पिकणाऱ्या बटाट्यातला बहुतेक सगळा लोकांच्या घरगुती जमिनींवर, गावाबाहेरच्या तुकड्यांवर पिकत होता. मी त्याला म्हटलं, "बाबा, त्यांच्याकडे घराखाली तळघर आहे आणि बाहेर बर्फ आहे. पावसाळ्याच्या शेवटी काढलेला बटाटा त्यांना उन्हाळ्यापर्यंत पुरतो. शिवाय त्यांच्या हातात पैसाच नव्हता, नाहीतर त्यांनीही विकतच आणला असता." तो हसला. पुढे त्याची नेमणूक झाली, तेव्हा पेढे घेऊन आला आणि म्हणाला, "तळघर बांधलंत का?"

बटाट्याला मी अगदी मोडीत काढत नाही. एका गोष्टीत घरचा बटाटा बाजारच्या बटाट्याला ऐकत नाही. फार गार ठेवलेल्या बटाट्यात पिठाची साखर होते. तो गोड लागतो आणि काचऱ्या तळताना बघता बघता करपतो. जून-जुलैत असे बटाटे आमच्या वाट्याला पुष्कळ येतात. घरच्या नव्या बटाट्याची साल अंगठ्याने निघते. जिरं, हिरवी मिरची आणि शेंगदाण्याचं कूट घालून परतला की उपासाच्या दिवशी दुसरं काही लागत नाही. वड्याला मात्र तो नालायक. पाणी जास्त, सारण चिकट होतं. खानावळीत वडा दर बुधवारी असतो, तेव्हा तेही फारसं उपयोगाचं नाही.

मग त्या पट्ट्याचं काय केलं? आत्याबाईंना परत दिला. त्यांनी एका शब्दानेही मला ऐकवलं नाही, फक्त दुसऱ्या दिवशी धने रगडून वाफ्यात पेरले. मी वहीत पान काढून त्यांच्या त्या किरकोळ गोष्टींचा हिशेब पहिल्यांदा लिहायला लागले. बटाटा मी पोत्याने घेते, त्याला भाव पाडून मिळतो. कोथिंबीर, कढीपत्ता, लिंबू, मिरची या गोष्टी घासाघीस न करता, दहा-वीस रुपयांच्या, रोज घेतल्या जातात आणि महिन्याच्या शेवटी कुणाच्या लक्षातही राहत नाहीत. उन्हाळ्यात कोथिंबिरीची जुडी तीस-चाळीसला जाते आणि तिच्यातली निम्मी पिवळी असते. 2022 च्या एप्रिलमध्ये एक लिंबू दहा रुपयांना विकलं जात होतं. आत्याबाईंच्या झाडाला तेव्हा काही बादल्या भरत नव्हत्या, पण रोजच्या ताटाला फोड मिळत होती. शेजारच्या खानावळींनी तेव्हा लिंबू बंद केलं होतं. शेवग्याच्या शेंगा तर आमटीत पडल्या की भाजी वेगळी करावी लागत नाही. या सगळ्याला साठवण नको, ते झाडावरच ताजं राहतं, लागेल तेवढं तोडायचं. सरकारच्या 'उमेद' अभियानाच्या 'माझी पोषण परसबाग' मोहिमेत बचत गटाच्या बायकांना घराशेजारी भाजीपाला लावायला सांगत होते, तेव्हा तिथेही भर पालेभाज्यांवर, वेलींवर, शेवग्यावर होता. मी त्या बैठकीत बसून मनात म्हणत होते, यांना बाजारातला भाव ठाऊक नाही, बटाटा का नाही सांगत! ठाऊक मला नव्हता.

दुसरा बदल ताटात झाला. बटाटा चाळीसच्या वर गेला की मी तो आठवड्यातून दोनदाच करते. बाकीचे दिवस मटकी, हुलग्याची शेंगोळी, पिठलं, डाळ-शेवगा. सुरुवातीला कुरकुर झाली. एका बँकेतल्या साहेबांनी तर डबा बंद करायची भाषा केली. शेंगोळीच्या दिवशी तेच आता दोनदा मागून घेतात. बटाट्याशिवाय खानावळ चालत नाही, हे मत माझंच होतं. मेंबरांना ते कधी विचारलेलं नव्हतं.

तेव्हा माझ्या नादाने गोण्या भरून बसलेल्या बायांनो, आणि तुमच्यासारख्या इतरांनो, आता स्पष्टच सांगते. बटाटा लावायचा असेल तर जरूर लावा, पण चार ओळींच्या पुढे जाऊ नका. दिवाळीनंतर थंडी पडली की खात्रीचं बेणं आणून लावा, मातीत शेणखत आणि वाळू मिसळा, भेग दिसली की लगेच माती ओढा, हिरवा निघाला तर फेकून द्या. फेब्रुवारीत काढा आणि पंधरा दिवसांत खाऊन संपवा. पण वर्षाचा बटाटा घरी पिकवून खर्च वाचवायचा विचार असेल, तर माळशिरसच्या उन्हात तो जमत नाही. पोतं आणा आणि त्या जागेत लिंबू लावा.